खंड नऊ, भाग तीन : एका चिकटचित्राविषयी

कलाकृतीविषयी तिच्या कर्त्याने स्वतः काही बोलावे की नाही, हा प्रश्न आपल्या समीक्षेत पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे. कर्त्याचा हेतू हा कलाकृतीच्या अर्थाचा पुरावा मानू नये, ही भूमिका आपण वर्गात शिकवतो आणि ती बहुतांशी योग्यही आहे. प्रस्तुत टिपणात ज्या चित्राविषयी लिहायचे आहे, ते या वादात ओढण्याइतके मोठे नाही. ते कोणत्याही प्रदर्शनात मांडले गेले नाही आणि त्याची कर्ती चित्रकलेचे शिक्षण घेतलेली नाही. विद्यापीठातील पहिल्या वर्षाच्या अखेरीस, १९८९ च्या उन्हाळ्यात, वसतिगृहाच्या खोलीत जमिनीवर बसून मी ते केले. आज इतक्या वर्षांनी त्याच्याकडे पाहताना मी त्याची कर्ती कमी आणि वाचक अधिक आहे. त्यामुळे हेतूविषयी फारसे न बोलता, कागदावर प्रत्यक्ष काय आहे आणि काय नाही, एवढ्यावरच लक्ष ठेवण्याचा प्रयत्न करते.

१

चित्र २२ गुणिले ३० इंचांच्या जाड ड्रॉइंग कागदावर आहे. रंग जवळजवळ नाहीत. आहेत त्या काळ्या शाईच्या काही रेघा. बाकी सर्व चिकटवलेले कागद आहेत. तळाशी एस. टी.च्या तिकिटांचा पट्टा आहे. त्या काळी वाहकाजवळ तिकिटांची पेटी असे आणि भाड्याची रक्कम जुळेल अशी वेगवेगळ्या किमतींची तिकिटे तो चिमट्याने छिद्र पाडून देत असे. प्रवास लांबचा असला की एकाच प्रवाशाच्या हाती निरनिराळ्या रंगांच्या तिकिटांची जुडी येई. साक्री तालुक्यातील माझ्या गावाहून धुळे आणि धुळ्याहून मालेगाव, मनमाड, कोपरगाव, तेव्हाचे अहमदनगर असे करीत पुण्याचे तेव्हाचे शिवाजीनगर स्थानक गाठेपर्यंत दिवस सरत असे. एका वर्षातील सहा फेऱ्यांची तिकिटे मी पुस्तकांत खुणेसाठी ठेवली होती. ती सारी या पट्ट्यात आहेत.

डाव्या बाजूस घरून आलेली चार अंतर्देशीय पत्रे आहेत, उलगडून सपाट केलेली. मध्यभागी चक्रमुद्रित टिपणांचे कापलेले तुकडे, खानावळीची कुपने आणि ग्रंथालयात भरावयाच्या ग्रंथमागणीच्या चिठ्ठ्या आहेत. उजवीकडचा वरचा भाग प्रवेश-अर्जाच्या दुसऱ्या प्रतीने व्यापलेला आहे. त्यावरील छायाचित्र मी काढून घेतले होते, म्हणून त्या जागी डिंकाचा तपकिरी चौकोन तेवढा दिसतो. उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा आहे आणि त्यात एकच चिठ्ठी आहे. तिच्याविषयी पुढे लिहिते.

कागद चिकटवण्यासाठी मैद्याची खळ वापरली. ग्रंथबांधणी करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी खळीत चिमूटभर मोरचूद घालण्यास सांगितले होते. म्हणजे कसर लागत नाही. चित्र टिकले याचे श्रेय त्या मोरचुदाकडे जाते.

२

त्या काळी धुळे-जळगावची महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे नाव मी बी. ए.ची तीन वर्षे गुणपत्रिकेवर वाचत होते. विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले चौथ्या वर्षी. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला सुरू झाले १५ ऑगस्ट १९९० रोजी. तोवर मराठीचे पदव्युत्तर अध्ययन विद्यापीठाच्या विभागातच करायचे, तर सुमारे साडेतीनशे किलोमीटर जाणे ओघाने आलेच.

खानदेशातून पुण्याच्या वसतिगृहात येऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याविषयी बोलू लागले की मराठीच्या अभ्यासकाला ‘कोसला’ आठवणे अपरिहार्य आहे. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली आणि पांडुरंग सांगवीकराने वसतिगृहाच्या खोलीला मराठी साहित्यात कायमचे स्थान मिळवून दिले. मी ती पुण्यास येण्यापूर्वीच वाचलेली होती, त्यामुळे पहिले काही आठवडे माझ्या अनुभवापुढे तीच उभी राहत असे. हळूहळू फरक जाणवू लागला. सांगवीकराचे तुटलेपण मोठे आहे, पण परत जाण्यासाठी त्याला वडिलांचे घर आणि शेत आहे, जरी ते परतणे सुखाचे नसले तरी. शिकायला बाहेर पडलेल्या मुलीचे परतणे वेगळे असते. घरी परतलेल्या मुलीची पहिली चौकशी लग्नाची होते, आणि तिच्या नावावर शेत नसते. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) मला त्या वर्षी अधिक जवळचे वाटले, ते याच कारणाने. एका दलित स्त्रीने संस्कृतसारखा विषय हाती घेतल्यावर ज्ञानाच्या दाराशी काय घडते, हे त्या पुस्तकात सांगितले आहे. माझी परिस्थिती त्यांच्याइतकी कठीण नव्हती आणि त्या दोहोंची तुलना करणे अनुचित होईल. तथापि आपण जी विद्या शिकतो ती आपल्याला कोण म्हणून ओळखते, हा त्यांचा प्रश्न माझ्याही वाट्याला आला; फक्त माझ्या बाबतीत तो भाषेच्या रूपाने आला.

माझ्या घरी अहिराणी बोलतात. मी मराठी शाळेत शिकले, मराठी घेऊन पदवीधर झाले आणि ‘मराठी ही माझी मातृभाषा’ असे अर्जात लिहीत आले. चित्रात चिकटवलेल्या प्रवेश-अर्जावरही ते वाचता येते.

३

डाव्या बाजूची चार पत्रे मायची आहेत, म्हणजे मायने सांगितलेली आहेत. तिला लिहिता येत नसे. माझा धाकटा भाऊ नववीत होता. तो लिहून घेई. प्रत्येक पत्र शाळेत शिकवलेल्या मायन्याने सुरू होते : चि. हिस अनेक आशीर्वाद, वि. वि. पुढे घरी सर्व क्षेम असल्याचे, पावसाचे, कपाशीचे आणि आजीच्या गुडघ्यांचे वर्तमान. सारे शुद्ध मराठीत. माय ‘माले करमत नही’ म्हणाली असेल, तर भावाने ‘मला करमत नाही’ असे लिहिले आहे. त्याचे शिक्षक त्याचे अक्षर आणि शुद्धलेखन यांचे कौतुक करीत, आणि ते रास्तच होते.

पत्रे मी पुन्हापुन्हा वाचत असे आणि वाचताना मनात उलटा अनुवाद करीत असे. ‘मला’च्या जागी ‘माले’, ‘घराचा’च्या जागी ‘घरना’. तसे केल्याशिवाय मायचा आवाज ऐकू येत नसे. हा उलटा अनुवाद चित्रात कोठेही नाही. चिकटचित्रात तेच येऊ शकते, जे आधी कागदावर आलेले असते. खानावळीला कागद होता, परिवहन महामंडळाला होता, ग्रंथालयाला होता. मायच्या बोलण्याला नव्हता.

येथे बहिणाबाई चौधरींची आठवण होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने लिहून ठेवली आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. त्या लिहून घेणाऱ्यांनी बोलीला हात लावला नाही, हे मराठीचे भाग्य म्हणावे लागेल. शाळकरी मायन्याच्या शिस्तीने ती गाणी उतरवली गेली असती, तर काय उरले असते याची कल्पना करवत नाही. ग्रंथालयाच्या कार्डतालिकेत त्यांचे कार्ड मी ‘च’च्या खणात शोधले होते, कारण तालिकेचा नियम आडनावाचा. अवघ्या महाराष्ट्राने जिला पहिल्या नावाने ओळखले, ती तेथे ‘चौधरी, बहिणाबाई’ होती. नियमात काही गैर नव्हते. शोधणाऱ्याने आपल्या ओळखीची व्यक्ती दुसऱ्या खणात शोधण्यास शिकायचे, एवढेच. विद्यापीठात येणे म्हणजे काय, हे मला त्या खणापाशी थोडेसे कळले.

४

आता मोकळ्या कोपऱ्यातील चिठ्ठीविषयी. भाषाविज्ञानाच्या तासाला जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा उल्लेख आला. १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झालेल्या या प्रचंड ग्रंथमालेतील सातवा खंड मराठीचा आहे, १९०५ चा. मी तो मागवला आणि त्यात अहिराणी शोधू लागले. कोकणी होती, वऱ्हाडी होती, अहिराणी नव्हती. ती मिळाली १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींच्या शेजारी, ‘खानदेशी’ या नावाखाली. ग्रिअर्सन यांच्या वर्गीकरणात मराठी एका गटात आहे आणि खानदेशी दुसऱ्या. तिची जवळीक गुजराती-राजस्थानीशी दाखवलेली आहे. षष्ठीचा ‘ना’ हा प्रत्यय पाहिला की त्यांच्या म्हणण्यातील तथ्य ध्यानात येते. उलट मराठीच्या अनेक अभ्यासकांनी अहिराणी ही मराठीचीच बोली मानली आहे. हा वाद येथे सोडवण्याचा हेतू नाही. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी मराठीहून निराळी नोंदली गेली असून ती सांगणाऱ्यांची संख्या साडेअठरा लाखांच्या घरात आहे.

माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट निराळी होती. त्या सर्वेक्षणात प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून एकच मजकूर भाषांतरित करून घेतलेला आहे : बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट. बापाकडून आपला वाटा घेऊन दूर देशी जाणारा, तेथे विपन्न होऊन परत येणारा आणि बापाने गळ्याशी धरलेला मुलगा. निवड सोयीसाठी झालेली होती. एकाच कथेत सर्वनामे, क्रियापदांचे काळ आणि नात्यांचे शब्द येतात, म्हणून तुलना सोपी होते. परंतु वयाच्या एकविसाव्या वर्षी, घरापासून दूर, एका मोठ्या ग्रंथालयाच्या टेबलावर, आपल्या घरची भाषा आयुष्यात प्रथमच छापलेली पाहावी आणि तिने सांगितलेली गोष्ट घर सोडून गेलेल्या मुलाची असावी, या योगायोगाचे मला आजही आश्चर्य वाटते. मी ती पाने ओठ हलवीत वाचली. डोळ्यांनी ती भाषा वाचण्याची सवयच नव्हती. उच्चारल्याशिवाय ती कळत नव्हती.

त्या मजकुराची नक्कल मी चित्रात चिकटवली नाही. चिकटवली ती मागणीची चिठ्ठी : ग्रंथाचे नाव, खंड नऊ, भाग तीन, तारीख आणि माझी सही. चित्रात मायच्या भाषेची जी काही उपस्थिती आहे, ती या क्रमांकाच्या रूपाने आहे.

५

या वाचनाचा परिणाम पुढच्या सुटीत घरी गेल्यावर दिसला. संध्याकाळी ओट्यावर माय शेजारच्या काकूंच्या दुखण्याविषयी सांगत होती. मी ऐकत होते. पण माझे कान तिच्या वाक्यांतील ‘ले’ आणि ‘ना’ वेचीत होते. अपूर्ण काळाचे ‘राहिना, राहिनी’ कोठे येते, याची मनात नोंद होत होती. काकूंना शहरात न्यावे लागले, त्यांच्या दोन म्हशी विकल्या गेल्या, हे माझ्यापर्यंत पोचले ते क्षणभर उशिरा. मायने बोलणे थांबवून विचारले, “आयकी राहिनी का?” आणि त्या प्रश्नातही मला प्रथम ऐकू आला तो अपूर्ण काळ.

भाषेचा अभ्यास म्हणजे काय, हे अभ्यासक्रमात लिहिलेले असते. त्या अभ्यासाने घरच्या माणसाचे बोलणे नमुना होऊन कानावर पडू लागते, हे तेथे लिहिलेले नसते. बोलणारी आणि बोलणे तपासणारी अशा दोघी एकाच ओट्यावर बसल्या होत्या आणि त्या दोघी मीच होते. मी येथे ज्याला विद्यापीठीय जीवनाशी जुळवून घेणे म्हणते, ते हेच. खानावळीचे जेवण सहा महिन्यांत अंगवळणी पडले. कळण्याच्या भाकरीची आठवण राहिली, पण तिचा त्रास होईनासा झाला. वसतिगृहाच्या वेळा, तासाला बोलण्याची रीत, टिपणे काढण्याची पद्धत, हे सर्व शिकता आले. या दोघींचे एकमेकींशी जुळणे मात्र सहजासहजी घडणारे नव्हते.

चित्र केले ते त्या सुटीनंतर. मायने ते पुढे एकदा पाहिले. पत्रे तिने अक्षरांवरून ओळखली नाहीत, निळ्या रंगावरून ओळखली. मग तळाच्या पट्ट्यावरून बोट फिरवीत तिने विचारले, की यांतील घरी येण्याची तिकिटे कोणती आणि जाण्याची कोणती. सांगता आले नाही. त्या तिकिटांवर गावांची नावे नसत.

६

एम. ए.च्या वर्गात आम्ही मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र शिकत होतो. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तीन तत्त्वांची चर्चा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना परिचित आहे. साहजिकच त्या काळात मी हे चित्र समतोलाच्या कसोटीवर तपासले होते आणि ते उतरले नव्हते. डावी बाजू पत्रांच्या निळ्याने जड आहे. उजवीकडे एका चिठ्ठीखेरीज रिकामा कागद. आता मला वाटते की समतोलाची ही अपेक्षाच तपासून पाहावयास हवी. आपण ‘समायोजन’ हा शब्द वापरतो तेव्हा त्यात समतोल गृहीत धरलेला असतो : नवखा विद्यार्थी काही दिवस डळमळतो आणि नंतर स्थिर होतो. स्थिर झाला याची खूण म्हणजे त्याचे गावाकडचे हेल ऐकू येईनासे होणे. ही खूण मानणारे वाईट हेतूने मानतात असे नाही. पुष्कळदा तो विद्यार्थी स्वतःच ती मानतो.

चिकटचित्राचे तंत्र या कल्पनेला नकार देते. पिकासोने १९१२ साली वेताच्या खुर्चीचे विणकाम छापलेले मेणकापड आपल्या एका स्थिरचित्रात चिकटवले आणि चित्राला दोरखंडाची चौकट दिली. ते मेणकापड चित्राचा भाग होते आणि तरीही मेणकापडच राहिले. रंग एकमेकांत मिसळतात. चिकटवलेला कागद शेजारच्या कागदात मिसळत नाही. तो त्यावर चढतो, त्याचा काही भाग झाकतो, पण त्याची कड दिसत राहते आणि बोटाला लागते. माझ्या चित्रात एका पत्राची कड टिपणांच्या तुकड्यावर चढलेली आहे. तेथे मर्ढेकरांवरील टिपणाची अर्धी ओळ आणि कपाशीला पडलेल्या भावाची अर्धी ओळ लागोपाठ वाचता येते. दोन्ही मिळून एक वाक्य होत नाही. परंतु त्या वर्षी माझ्या डोक्यात ती याच क्रमाने येत असत, आणि कवितेने किंवा निबंधाने ते सांगायचे झाले असते तर मला त्या दोन ओळींना जोडणारे तिसरे काहीतरी रचावे लागले असते. चित्राने ते रचायला लावले नाही. विरोध तसाच ठेवून दोहोंना एका कागदावर राहू देणे, इतकेच या चित्राला साधले आहे. त्याचे मोल मी याहून अधिक मानीत नाही आणि याहून कमीही मानीत नाही.

७

पुढे मी खानदेशातील एका महाविद्यालयात शिकवू लागले. जळगावचे विद्यापीठ झाल्यामुळे येथील मुलांना पुण्याची वाट धरणे भाग राहिले नाही. २०१८ पासून त्या विद्यापीठास बहिणाबाईंचे नाव आहे. पुणे विद्यापीठास २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे. ‘च’च्या खणात शोधावी लागलेली कवयित्री आता पदवीच्या प्रमाणपत्रावर आहे. अंतर किलोमीटरांनी खरोखरच कमी झाले. वर्गात पहिल्या आठवड्यात मौन धरून बसणारे विद्यार्थी मात्र अजून असतात, आणि त्यांच्या मौनाचे कारण बुद्धीत नसून जिभेवर असते.

म्हणून एम. ए.च्या नव्या वर्गाला मी आरंभी एक काम देते. ‘मला घरी जायचे आहे’ हे वाक्य घरी जसे म्हटले जाते तसे, ऐकू येते तसे लिहायचे. फळ्यावर ‘माले’ येते, ‘मले’ येते. कोणी मालवणातून बदलीवर आलेल्या नोकरदाराची मुलगी असली तर ‘माका’ येते. मग विभक्तीविषयी बोलायचे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, हे परीक्षेला आहे का?” मी सांगितले, बोलींवर एक प्रश्न असतो. तिने वही उघडली. पण त्यानंतर मी त्या कामाला आणखी एक सूचना जोडली : वाक्याच्या खाली ते घरी कोण म्हणते, कोणत्या वेळी म्हणते आणि ऐकणारा काय उत्तर देतो, हेही लिहायचे. उत्तराशिवाय वाक्य अपुरे धरले जाईल.

ही सूचना भाषाविज्ञानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातून घेतलेली नाही. ती ओट्यावरच्या संध्याकाळीतून आली. प्रत्यय ओळखता यावा, ही विद्यापीठाची अपेक्षा रास्त आहे. आपल्याशी कोणी बोलत आहे हेही त्याच वेळी ध्यानात असावे, ही अपेक्षा कोठे नोंदलेली नाही, म्हणून ती शिक्षकाने करावी. विद्यार्थी ती पुरी करतात. त्यांच्या वह्यांत वाक्याखाली आजी येतात, मामा येतात, दार लोटून घेणारी धाकटी बहीण येते. मायच्या बोलण्याला जो कागद १९८९ साली मला मिळाला नव्हता, तो या वह्यांत दर वर्षी थोडा थोडा तयार होतो. त्यांवर गुण द्यावे लागतात आणि मी ते देते. परंतु वह्या परत करण्यापूर्वी त्यांतील उत्तरे एकदा ओठ हलवीत वाचते.